भाऊचं पोट आणि बारा वर्षं

भाऊचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं, दुखणं मला पाठ होतं. जेवण झालं की अर्ध्या-पाऊण तासाने बेंबीच्या वर डाव्या अंगाला आधी जडपणा, मग पीळ, आणि कधीकधी तिथे हाताला लागेल असा मऊ गोळा. मग तो काही न बोलता ओसरीतल्या खाटेवर जायचा, ओणवा होऊन डोकं उशीत खुपसायचा, नाहीतर उजव्या कुशीवर पडून गुडघे छातीशी घ्यायचा, पंधरा मिनिटं, कधी तासभर, आणि मग पोटात गुडगुड आवाज व्हायचा आणि सगळं संपायचं. उठून चूळ भरायचा आणि परत शेतात. बारा वर्षं हे असंच चालू होतं.

माझं पारोळ्याला मेडिकल आहे. म्हणजे भाऊला सगळ्यात जास्त गोळ्या कोणी दिल्या असतील तर त्या मीच दिल्यात. पित्तावरची पॅन्टोप्राझोल सकाळी उपाशीपोटी, दुखलं की पेटका थांबवणारी डायसायक्लोमिन, वर एक गॅसचं पातळ औषध. तो गोळी घ्यायचा, दुखणं थांबायचं आणि आम्हाला वाटायचं गोळीने थांबलं. ते गोळीने थांबत नव्हतं हे मला आता कळतंय, आणि ते लिहून ठेवायचं म्हणूनच ही पोस्ट.

गावात सुरुवातीला सगळे म्हणाले बेंबी सरकली. मग तेल लावून पोट चोळून घेणं झालं, तीन-चार वेळा. नंतर डॉक्टर झाले. पित्त म्हणाले, गॅस म्हणाले, एकाने टेन्शन म्हटलं कारण त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली होती आणि डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं. सोनोग्राफी तीन वेळा झाली, तिन्ही नॉर्मल. एकदा दुर्बिणीने तपासणी, त्यात जठराला थोडी सूज, जी आपल्याकडे तिखट खाणाऱ्या निम्म्या लोकांना निघेल. एकाने टीबीची शंका काढली, रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, काही निघालं नाही. आता लक्षात घ्या, ह्या सगळ्या तपासण्या कधी झाल्या? दुखायचं रात्री जेवल्यावर, गाडी काढेपर्यंत थांबायचं, मग दुसऱ्या दिवशी नाहीतर चार दिवसांनी वेळ मिळेल तेव्हा उपाशीपोटी जाऊन सोनोग्राफी. म्हणजे दर वेळी फोटो निघाला तो बऱ्या पोटाचा.

घरच्यांनीही कमी केलं नाही. लग्नात पंगतीला बसला की भाऊ अर्धीच पोळी घ्यायचा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस-पुरणपोळीच्या ताटावरून लवकर उठायचा, तर सासरवाडीची माणसं म्हणायची पाहुणे लई नखऱ्याचे आहेत. वहिनी दोन बाजूंनी ऐकून घ्यायची. भाऊने कमी खायला शिकून घेतलं होतं, कारण पोट भरून जेवला की दुखतं हे त्याला नीट माहीत होतं, त्यामुळे वजन उतरत गेलं आणि मग लोक म्हणायला लागले ह्याला काहीतरी मोठा आजार आहे.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. शेतात भरीत पार्टी होती, आपल्याकडे हिवाळ्यात असतेच, काट्या पेटवून त्यात हिरवी लांब वांगी भाजायची, लाकडी बडजीत मिरची-लसूण टाकून ठेचायची, कांद्याची पात, वर तेल, आणि कळण्याची भाकरी. थंडी होती, सगळे जमले होते, भाऊ त्या दिवशी खुशीत होता आणि खूप वर्षांनी दोन भाकरी खाल्ल्या. मी बघत होतो, मला बरंही वाटलं. अर्ध्या तासाने तो लिंबाच्या झाडामागे गेला. मी मागे गेलो तर ओणवा. नेहमीप्रमाणे थांबलो. वीस मिनिटं झाली, तास झाला, गुडगुड काही होईना. घरी आणलं, अकरा वाजता पहिली उलटी, जेवलेलं सगळं. मी दुकान उघडून उलटीचं इंजेक्शन आणलं, गावातल्या डॉक्टरांनी दिलं. थोडं शांत झालं, मग परत.

रात्री एका दवाखान्यात नेलं. नाव घेत नाही, रात्रीची वेळ, एकटा पोरगा ड्युटीवर, त्याने पोटावर हात ठेवला, भरीत खाल्लं म्हटल्यावर म्हणाला मग होणारच, गॅस आहे, एक सलाईन, दोन इंजेक्शनं आणि दोन वाजता घरी जा. दुखणं कमी झालं होतं हे खरं आहे, पण इंजेक्शन होतं ते दुखणं दाबायचं. पहाटे पाचला हिरवी उलटी झाली, ओंजळभर, नुसतं पित्त. शौचाला नाही, खालून वारा सरत नाही, पोट फुगलेलं. हे मेडिकलवाल्याला कळायला पाहिजे होतं आणि कळलंही, हिरवी उलटी, फुगलेलं पोट आणि वारा बंद ह्याचा अर्थ आतडं कुठेतरी अडकलंय. गाडी थेट धुळ्याला काढली. रस्ताभर वहिनी मागे भाऊचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि दर खड्ड्याला भाऊ कण्हत होता.

धुळ्यात ज्या सर्जननी बघितलं त्यांचं वय माझ्याएवढंच असेल. त्यांनी आधी नाडी बघितली, एकशेवीसच्या आसपास होती, जीभ बघितली, कोरडी ठाक. मग पोट उघडं करून नुसतं बघत राहिले, हात न लावता. विचारलं, आधी कधी पोटाचं ऑपरेशन? नाही. मग दोन्ही जांघा तपासल्या, बेंबी तपासली. नंतर मला समजावून सांगितलं ते असं की लहान आतडं अडकलं की पहिला संशय जुन्या ऑपरेशनच्या चिकटण्यावर जातो, दुसरा जांघेतल्या किंवा बेंबीतल्या हर्नियावर, मग टीबी, गाठ वगैरे. ह्याच्या पोटावर टाक्याची एक खूण नाही, बाहेर कुठे फुगवटा नाही, मग आतडं अडकलं कशात?

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो बारा वर्षांत कोणी विचारला नव्हता. "एरवी दुखतं तेव्हा तुम्ही काय करता, दादा?"

भाऊला बोलवत नव्हतं. त्याने कूस बदलली आणि गुडघे छातीशी घेऊन दाखवले. मग मी सांगितलं, ओणवा होतो, गोळा येतो, डावीकडेच येतो, गुडगुड झाली की जातो. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. जेवणानंतर किती वेळाने, गोळा कुठे, किती वर्षं, एकेक विचारत गेले आणि भाऊ डोळे मिटून मानेने हो-नाही करत होता. मला त्या क्षणी भाऊचा चेहरा आठवतो. दुखत होतं तरी तो शांत झाला होता.

ते म्हणाले, दुखतंय तोवर सीटी करू, आत्ता. नाकातून नळी टाकली, रायल्स ट्यूब म्हणतात तिला, बाटलीत हिरवं पाणी यायला लागलं आणि भाऊला जरा दम मिळाला. लघवीची नळी, दोन्ही हातांना सलाईन. उभ्याने काढलेल्या साध्या एक्स-रेत फुगलेली आतडी आणि त्यात पाणी-हवेच्या आडव्या रेषा, पायऱ्यांसारख्या. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट हाती आला की लगेच शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध, देऊन सीटी स्कॅन.

सीटीचा स्क्रीन त्यांनी मला बोलावून दाखवला. मला त्यातलं फार कळत नाही पण तेवढं दिसलं. पोटात डावीकडे वर, जठर आणि स्वादुपिंडाच्या मध्ये, लहान आतड्याचे वेढे असे गच्च एका ठिकाणी जमा झालेले, जणू कोणी पिशवीत भरून तोंड आवळलंय. आतडं खरं तर पोटभर पसरलेलं असतं, इथे त्याचा गठ्ठा. त्या गठ्ठ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या एकाच जागी ओढल्या गेलेल्या. आणि त्या पिशवीच्या पुढच्या काठावर एक शीर, इन्फीरियर मेसेंटेरिक व्हेन, तिच्यावर डॉक्टरांनी बोट ठेवलं आणि म्हणाले ही दिसली की प्रश्नच मिटला, हा डाव्या बाजूचा पॅराड्युओडेनल हर्निया.

हर्निया म्हटलं की आपल्याला जांघेतला माहीत. हा पोटाच्या आतल्या आत होतो. बाहेरून काही दिसत नाही, खोकला की फुगत नाही. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाशेजारी पोटाच्या मागच्या अस्तरात एक खिसा राहून गेलेला असतो, लँडझर्टचा खिसा म्हणतात, आणि आतडं त्यात शिरतं, निघतं, परत शिरतं. जेवण झालं की आतडं भरतं, हलायला लागतं, खिशात सरकतं आणि दुखतं. ओणवं झालं की जडपणाने परत बाहेर येतं आणि गुडगुड होऊन सुटतं. भाऊ बारा वर्षं स्वतःच्या हाताने स्वतःचा हर्निया बसवत होता. कोणी शिकवलं नव्हतं त्याला. आणि मी समोर बसून पॅन्टोप्राझोलची स्ट्रिप कापून देत होतो.

नंतर मी ह्याच्यावर जे मिळेल ते वाचलं. प्राग शहरातल्या ट्राइट्झ नावाच्या डॉक्टरांनी १८५७ साली पोटाच्या मागच्या अस्तरातल्या ह्या हर्नियांवर लिहून ठेवलंय, तेव्हा सीटी सोडा, एक्स-रेसुद्धा नव्हता, जे कळायचं ते मेल्यानंतर चिरल्यावर. पोटातले असे सगळे आतले हर्निया धरले तरी शवविच्छेदनात १ टक्क्याहून कमी लोकांत सापडतात, आणि त्यात जन्मजात पॅराड्युओडेनल हा जुन्या नोंदींत साधारण निम्मा, त्यातला चारपैकी तीन वेळा डावीकडचा. पुरुषांत जास्त. ज्याला आहे त्याचं आतडं आयुष्यात कधीतरी पक्कं अडकण्याची शक्यता निम्मी सांगतात. म्हणून लक्षात आला की दुखत नसलं तरी ऑपरेशन करून टाकतात, वाट बघत नाहीत.

सहीच्या वेळी डॉक्टरांनी सगळं सांगितलं, आतडं काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून जोडावा लागेल, अगदीच वाईट असेल तर काही दिवस शौचासाठी पोटावर पिशवी. वहिनीने विचारलं, किती तुकडा? म्हणाले उघडल्यावरच कळेल, पण जितका उशीर तितका जास्त. ती पुढे एक शब्द बोलली नाही, सही केली. माझ्या डोक्यात दोन वाजता घरी पाठवल्यानंतरचे ते वाया गेलेले तास फिरत होते. दुर्बिणीतूनही हे ऑपरेशन होतं म्हणे, पण पोट इतकं फुगलेलं असताना आत जागा नसते, म्हणून सरळ मधोमध चिरा.

अडीच तास लागले. बाहेर मी, वहिनी आणि माय. आतलं सगळं मला नंतर डॉक्टरांनीच सांगितलं. पिशवीत चार-साडेचार फूट आतडं होतं, आणि लहान आतडं एकूण असतं साधारण वीस फूट. ते एकेक वेढा करून हळूहळू ओढून बाहेर काढलं. तोंड फार घट्ट असतं तर ते कापून मोठं करावं लागलं असतं, पण पुढच्या काठातच ती शीर आणि तिच्याबरोबर मोठ्या आतड्याला रक्त देणारी धमनी असते, तिथे कात्री लागली तर रक्त थांबवता थांबत नाही, त्यामुळे खालच्या बाजूने, जिथे रक्तवाहिन्या नाहीत तिथून जावं लागतं. भाऊच्या वेळी ती गरज पडली नाही.

पण आतड्याचा एक हातभर भाग जांभळा-काळपट होता. तो कापायचा की ठेवायचा, हे तिथे उभ्या-उभ्या ठरवायचं. त्यांनी गरम सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात तो भाग गुंडाळला, भूलतज्ज्ञांनी शंभर टक्के ऑक्सिजन चालू केला, आणि सगळे थांबले. दहा मिनिटं. उघडून बघितलं, कडेने जरा रंग बदललेला. परत गुंडाळलं. परत दहा मिनिटं. मला हे ऐकताना सगळ्यात जास्त ह्याचं वाटलं, की एवढे हात, एवढी अवजारं, आणि सगळे काही न करता घड्याळाकडे बघत उभे. दुसऱ्यांदा उघडलं तेव्हा गुलाबी होत आलेलं, बोटाला आतड्याच्या पडद्यातली नाडी लागत होती आणि टिचकी मारल्यावर आतडं हललं. ठेवलं. नंतर खिशाचं तोंड न विरघळणाऱ्या धाग्याने शिवून टाकलं, ती शीर सांभाळत, म्हणजे परत कधी आत जाणार नाही. सगळी आतडी एकदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत हातातून फिरवून बघितली आणि पोट बंद.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, कापावं लागलं नाही. वहिनी तिथेच खाली बसली.

पुढचे तीन दिवस आमचं सगळं घर भाऊच्या वारा सरण्याकडे लक्ष लावून होतं. आतडी परत चालू झाली का ते ह्यावरच कळतं, तोपर्यंत पाण्याचा थेंब नाही, ओल्या कापसाने नुसते ओठ ओले करायचे. गावाहून फोन, नाशिकहून बहिणीचा फोन, एकच प्रश्न. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झालं. वहिनीने वॉर्डातून धावत येऊन मला सांगितलं. मग घोट-घोट पाणी, मग डाळीचं पाणी, मग पेज.

पाचव्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी भाऊला नीट समजावलं की हे जन्माच्याही आधीचं आहे. बाळ आईच्या पोटात सहाएक आठवड्यांचं असतं तेव्हा आतड्याला पोटात जागा पुरत नाही, ते नाळेत बाहेर येतं, आणि दहाव्या आठवड्याच्या सुमाराला वळत-वळत, तीन चतुर्थांश फेरी मारून, परत आत जातं. मग मोठ्या आतड्याचा पडदा मागच्या भिंतीला चिकटतो. ह्याचा डावीकडचा थोडा चिकटायचा राहिला, तोच हा खिसा. भाऊ ठिबकवाला माणूस, तो लगेच म्हणाला, म्हणजे ठिबकची लॅटरल नळी अंथरताना एक ठिकाणी मोकळं राहिलं आणि तिथे पीळ पडत गेला. डॉक्टर म्हणाले बरोबर.

माय तिथेच होती. ती काही बोलली नाही, पण त्या रात्री मला बाहेर घेऊन गेली आणि विचारायला लागली, हा पोटात होता तेव्हा एक ग्रहण लागलं होतं, त्या वेळी मी भाजी चिरली का रे, विळीला हात लावला का, मला आठवत नाही. पंचाहत्तरीची बाई, बेचाळीस वर्षांपूर्वीचा एक दिवस शोधत होती. मी सांगून पाहिलं, तिला पटेना, मी तिचा धाकटा पोरगा. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. ते परत आले, भाऊला सोडून मायजवळ स्टूलवर बसले, तिचा हात धरला आणि म्हणाले, आजी, ह्यात ग्रहणाचा काही संबंध नाही, तुमच्या खाण्यापिण्याचा नाही, कामाचा नाही, कोणाच्याही हातात नसतं हे. दोनदा सांगितलं. मायने पदराने डोळे पुसले आणि त्यांना विचारलं, तुम्ही जेवलात का.

आता मी दुकानात काय बदललं ते सांगतो. कोणी पोटदुखीची गोळी मागायला आलं आणि म्हणालं की जेवल्यावरच दुखतं, अमुक कुशीवर झोपलं की थांबतं, कित्येक वर्षांचं आहे, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तर मी गोळी द्यायच्या आधी त्याला बसवतो आणि एवढं सांगतो की पुढच्या वेळी दुखायला लागलं की थांबायची वाट बघू नको, त्याच वेळी निघ आणि डॉक्टरांना कसं पडल्यावर थांबतं तेही सांग. सोनोग्राफीत आतड्यातल्या हवेमुळे हे बहुतेक वेळा दिसत नाही, आणि दुखून गेल्यावर तर सीटीतही हुकू शकतं. आणि हिरवी उलटी, फुगलेलं पोट, वारा बंद, हे तिन्ही असेल तर गोळी नाहीच, मी विकत नाही, सर्जनकडे जा म्हणतो. दोन-तीन जण रागावून दुसऱ्या दुकानात गेले. जाऊ दे.

सगळ्यांना हाच आजार असेल असं मी म्हणत नाही, तो दुर्मिळच आहे आणि बऱ्याच जणांचं खरंच पित्त असतं. पण भाऊने रोगाचं वर्णन अगदी बरोबर केलं होतं, पहिल्या वर्षापासून, एक शब्द न बदलता. ते ऐकायला बारा वर्षं गेली, आणि त्यातली सगळी बारा वर्षं मी घरातला ऐकणारा होतो.

डिस्चार्जच्या आदल्या रात्री मी भाऊच्या खाटेजवळ खाली चटईवर झोपलो होतो. मध्यरात्री त्याने हाक मारली. मी दचकून उठलो, हात आधी त्याच्या पोटावर गेला. तो अंधारात सरळ पाठीवर पडून होता, गुडघे लांब केलेले.

"काय व्हयनं भाऊ?"

"माले भूक लागनी."